काय मोडलंत?

टेंभी नाक्यावर नवरात्रीच्या मंडपाचं काम चाललं होतं. बांबू उभे राहिले होते, कापड चढायचं होतं आणि मी खाली उभा राहून नेहमीप्रमाणे वरच्या माणसांच्या नावाने ओरडत होतो. फोन वाजला तोही मी त्याच आवाजात उचलला. पलीकडून श्रीधरभावोजी म्हणाले, "दिगू, हेमा गेली रे..." वर चढलेला आमचा जुना कामगार खाली वाकून विचारत होता, "शेठ, निळं लावू की पिवळं?" मी त्याला म्हटलं, आज काहीच नको लावू, खाली उतर. मंडप तसाच उघडा टाकून मी टेम्पोनेच डोंबिवली गाठली.

हेमाताई माझी मावसबहीण. सख्खी बहीण मला नाही, त्यामुळे राखी तिची, ओवाळणी तिची आणि शिव्याही तिच्याच. आठवडाभर आधीच मी तिला भेटून आलो होतो. बायकोने अळूवड्या दिल्या होत्या, त्यातली एक अर्धी तिने खाल्ली आणि उरलेली माझ्याकडे सरकवली. आजाराने पार वाळली होती, पण जीभ शाबूत होती. "तुझ्या बायकोला सांग, चिंच कमी पडलीय," म्हणाली. मग उशीला टेकून बसली आणि एकदम कामाचंच बोलायला लागली. खाडीकडच्या एका गावात एक लहानसं सरकारी प्रसूतिगृह आहे, त्याचं. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं. त्या प्रसूतिगृहाला दर तिमाहीला खर्चाचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून तिने कितीतरी वर्षं घासली होती. पैसे यायला लागले होते, पण दर वेळी तिमाही तोंडावर आली की ही वरच्या कचेरीत फोन करायची आणि मगच चाकं फिरायची. "या वेळी मी फोन केलेला नाही," ती म्हणाली. "करणारही नाही. मी गेले की महिना जाऊ दे, मग तिथे जा. बाकावर बस आणि विचार." मी म्हटलं, उद्याच जातो की! "आत्ता नको रे. आत्ता ते माझ्या धाकाने चालतं. मी असेपर्यंत चाललं आणि मी गेल्यावर बंद पडलं, तर मी नापास." मी विषय बदलू पाहिला, तर तिने माझं मनगट धरलं. काय विचारायचं ते तिने सांगितलं नाही. ते मला माहीत होतं.

लोक तिला डॉक्टर म्हणायचे आणि ती होतीही, पण औषधांची नव्हे, अर्थशास्त्राची. दाराबाहेरच्या पाटीवर ते कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे त्यांच्या सोसायटीतले लोक सकाळी सकाळी गुडघे घेऊन यायचे. तळमजल्यावरच्या आजी तर सरळ जीभच बाहेर काढायच्या. ताई त्यांना आत घ्यायची, चहा पाजायची, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगायची आणि वर विचारायची, "आजी, औषधांना महिन्याला किती जातात? कोण देतं?" आजींना वाटायचं, काय भोचक बाई आहे! मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं. दवाखान्याला पैसे कुठून यावेत, ते कुणाकडून घ्यावेत, कधी पोचवावेत, हा काही माणसाने आयुष्यभर करायचा धंदा आहे का, असं मी तिला तोंडावर म्हणायचो. त्यासाठी ती परदेशांतही राहून आली. आफ्रिकेतले दोन-तीन देश, मग आपल्या शेजारचे. सगळे आपल्यासारखेच, हात आखडून संसार करणारे. तिथल्या सरकारांबरोबर बसून ती हेच करायची. आली की मी विचारायचो, "काय गं, झाला का देश बरा?" ती म्हणायची, "ताप उतरलाय, अशक्तपणा आहे."

एकदा मात्र तिने मला ते काम समजेल असं सांगितलं. गणपतीच्या आधीचे दिवस होते, माझ्या गोदामात मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली होती आणि मी नेहमीची कुरकुर करून पैसे काढत होतो. ती बघत बसली होती. पोरं गेल्यावर म्हणाली, "तुमचं मंडळ वर्गणी कधी काढतं? मूर्ती दारात आल्यावर?" म्हटलं, वेडी आहेस का, मूर्ती आल्यावर कोण देणार, आधीच काढतात. "आणि ज्याच्या दारासमोर मांडव पडतो, त्या एकट्याकडूनच घेतात?" नाही, सगळ्या नाक्याकडून घेतात, दुकानवाल्याकडून जास्त, चाळीतल्याकडून कमी. "मग आजारपणाचं उलटं का करता रे?" ती म्हणाली. "माणूस पडला की त्याच दिवशी, त्याच्या एकट्याच्या घरातून काढता. मी काही मोठं करत नाही. मी वर्गणीवाली आहे." त्या दिवसापासून मी तिला वर्गणीवालीच म्हणायला लागलो आणि ती ते नाव मिरवायची.

तिचं हे वेड कुठून आलं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात होते. छातीच्या दुखण्याने त्यांनी अंथरूण धरलं. मावशी एरवी आमच्याकडे ठाण्याला यायची ती हातातल्या पाटल्यांच्या किणकिणाटासकट. आली की मला आतूनच कळायचं. एकदा ती आली आणि मला कळलंच नाही. ओट्यापाशी आईच्या शेजारी उभी होती, मनगटं मोकळी, आणि आई काही न बोलता तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. पाटल्या मोडायला सराफाकडे जाताना मावशी हेमाताईला बरोबर घेऊन गेली होती. सराफाने काय केलं, काट्यावर काय झालं, हे ताईने कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, की आईने दुकानातून उतरताना सवयीने पदर सारखा केला आणि हाताचा आवाज आला नाही. काका वाचले. पण त्या घरात नंतर पुष्कळ वर्षं सणासुदीलासुद्धा सोनं आलं नाही. ताईने स्वतः कधी सोन्याच्या बांगड्या घातल्या नाहीत, लग्नातही नाहीत, आणि त्यावरून सासरी जे काय झालं ते भावोजींनी निस्तरलं.

म्हणूनच असेल, तिची काम करायची एक तऱ्हा होती. कुठल्याही दवाखान्यात गेली की साहेबांच्या खोलीत शिरायच्या आधी ती बाहेर बाकावर, आजाऱ्यांच्या माणसांत जाऊन बसायची. पर्स मांडीवर, चपला काढून पाय वर. मग शेजारणीला विचारायची, "काय मोडलंत?" बस, एवढंच. कुणी म्हणायचं भिशी मोडली, कुणी एफडी, कुणी मुलीसाठी केलेला हार. परदेशात दुभाष्याला हे 'मोडणं' समजावताना तिला म्हणे फार त्रास व्हायचा, पण एकदा समजलं की तिथल्या बायकाही भडाभडा बोलायच्या. शेळ्या. शिवणयंत्र. एकीने घरावरचे पत्रे विकले होते. ताई ही उत्तरं घेऊन बैठकीत जायची आणि तिथल्या मोठ्या टेबलावर, रंगीत तक्त्यांच्या मधोमध, ते पत्रे ठेवायची.

अशी बाई चुकणार नाही असं मला वाटायचं. पण ती चुकली, आणि चांगलीच चुकली. परदेशातून कायमची परत आल्यावर ती एका सरकारी समितीवर होती आणि तिथे तिने हट्टाने एक गोष्ट करून घेतली. काही निवडक दवाखान्यांत केसपेपरचे आणि बाळंतपणाचे पैसे घेणं बंद. त्या निवडक दवाखान्यांत खाडीकडचं ते प्रसूतिगृह होतं. दारावर भलीमोठी पाटी लागली, 'सर्व सेवा मोफत'. कार्यक्रमाचा मंडप माझा होता, पेढे वाटले गेले, पेपरात फोटो आला आणि त्यात ताईच्या चेहऱ्यापुढे नेमका माझा खांब. मी तो फोटो कापून तिला पाठवला होता. पुढे काही महिन्यांनी ती आपल्या सवयीने एकटीच तिथे गेली, बाकावर बसली आणि शेजारच्या आगरी बाईला उगाच, हसत हसत विचारलं, काय मोडलंत? मोफत दवाखान्यात हे विचारायचं म्हणजे थट्टाच. बाईने पदर मागे केला आणि मोकळे कान दाखवले. म्हणाली, "कानानलं मोरलं, बाय."

झालं होतं असं. केसपेपरचे जे थोडेफार पैसे जमायचे, त्यांतूनच प्रसूतिगृहाचा कापूस, फिनेल, हातमोजे, बल्ब, पंपाची दुरुस्ती निघायची. ते पैसे बंद झाले आणि त्यांच्या जागी दुसरे आलेच नाहीत. वरून यायचे ते मंजुरीवर मंजुरी घेत मार्चमध्ये एकदम यायचे, आणि खर्च करायला वेळ नाही म्हणून तसेच परत जायचे. मग सिस्टर तरी काय करणार? बाळंतिणीच्या माणसांच्या हातात चिठ्ठी द्यायच्या. मोजे आणा, टाक्यांचा धागा आणा, सलाईन आणा. समोरचं मेडिकल जोरात चाललं होतं. दारावरची पाटी मात्र तशीच होती.

ताई तिथून घरी गेलीच नाही, थेट माझ्या माजिवड्याच्या गोदामात आली. घडी घातलेल्या सतरंज्यांच्या ढिगावर बसली. मी चहा सांगितला, तो तिने घेतला नाही. "दिगू," म्हणाली, "त्या बाईचे कान मी रिकामे केले." मी म्हटलं, असं काय बोलतेस, तुझा हेतू चांगला होता. तशी माझ्यावरच उसळली. "हेतूने कापूस येतो का रे? मी कपाटाचं दार उघडून दिलं आणि आत काही आहे का ते बघितलंच नाही. साध्या संसारी बाईला कळतं ते मला कळलं नाही." आणि मग ती रडली. काका गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी सतरंज्यांवर बसून राहिलो.

पुढच्याच बैठकीत ती उभी राहिली आणि चूक माझी आहे, असं तिने सगळ्यांदेखत सांगितलं. भावोजी म्हणतात, त्या दिवसापासून तिचं खरं काम सुरू झालं. 'आधी पैसे, मग पाटी' हा तिचा मंत्र झाला. दर तिमाहीच्या आधी ठरावीक रक्कम थेट प्रसूतिगृहाच्या खात्यात आली पाहिजे, किती बाळंतपणं होतात ते बघून. बल्ब गेला तर सिस्टरला वर अर्ज करावा लागू नये, तिथल्या डॉक्टरने आणि गावातल्या चार बायकांनी बसून ठरवावं आणि खर्च करावा. वर्षअखेरीला उरलं तर परत जाऊ नये. सांगायला किती सोपं आहे! यासाठी तिने किती खुर्च्या झिजवल्या ते त्या खुर्च्यांनाच माहीत. अधिकारी बदलायचे, नव्याला पुन्हा पहिल्यापासून. एक साहेब म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा दवाखान्यासाठी एवढं कशाला?" ही म्हणाली, "एवढ्याशात बसलं तर मोठ्यात बसेल." शेवटी बसलं. पहिले पैसे आले तेव्हा तिने मला फोन करून काय सांगितलं असेल? "दिगू, मोज्यांचं खोकं आलं."

त्या पैशांवरून आमचं एक कडाक्याचं भांडणही झालं, ते सांगायलाच हवं. तिथले बाक पाठ नसलेले, नुसत्या फळ्या. भरल्या दिवसांच्या बायका त्यांवर अवघडून बसायच्या. मी म्हटलं, ताई, पाठ असलेले चांगले दणकट बाक मी बनवून देतो, माझ्याकडून, फुकट. तर म्हणाली, नको. प्रसूतिगृहाची समिती बाक विकत घेणार आहे, तू दरपत्रक दे. मी भडकलो. "भावाकडून घ्यायला लाज वाटते?" तिने शांतपणे विचारलं, "फुकट देणारा भाऊ प्रत्येक दवाखान्याला कुठून आणू रे?" मग मीही हट्टाला पेटलो, दरपत्रक दिलं. गावातल्या त्या चार बायकांनी सगळ्यांची दरपत्रकं बघितली आणि काम कल्याणच्या एका फर्निचरवाल्याला दिलं! माझा दर त्याच्यापेक्षा जास्त होता म्हणे. मी चांगला महिनाभर ताईशी बोललो नाही. भाऊबीजेला गेलो तेव्हा तिने ओवाळता ओवाळता विचारलं, "दर कमी का नाही केलास?" आणि दोघंही इतके हसलो की निरांजन विझलं.

तर ती गेली. नवरात्र झालं, दिवाळी आली, भाऊबीज आली आणि मी दिवसभर गोदामातच बसलो. कुणाला काही सांगितलं नाही. त्या रिकाम्या दुपारी माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मी ती लगेच करूनही टाकली. आमच्याकडे देवळाच्या आवारात, बागेत, कुठल्याही बाकावर पाटी असते, 'अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ'. तशी एक पितळी पाटी ताईच्या नावाची करून घेतली. बाक माझा नाही तर नाही, पाटी तरी माझी. भावोजींना विचारलं नाही, ते नको म्हणाले असते. तिने सांगितलेला महिना उलटून गेला होता. पाटी, ड्रिल मशीन आणि स्क्रू पिशवीत टाकून मी खाडीकडे निघालो.

खरं सांगतो, वाटेत मला भीती वाटत होती. दवाखान्यासमोरचं ते मेडिकल दिसलं तेव्हा मी आधी तिथे चिठ्ठ्या घेऊन कुणी उभं आहे का ते पाहिलं. एक गृहस्थ दात घासायचा ब्रश घेत होते. आत गेलो. सिस्टर नवीन होत्या, तरुण, घाईत. मी घसा खाकरून म्हटलं, "मी हेमाताईंचा भाऊ." त्या म्हणाल्या, "कोण हेमाताई? कधी ॲडमिट केलंय? वॉर्डात बघा, उजवीकडे." मी पुन्हा पूर्ण नाव सांगितलं, डॉक्टर लावून. "सॉरी काका, आमच्याकडे या नावाच्या डॉक्टर नाहीत. मी जूनमध्येच बदलून आलेय." आणि हातमोज्यांचं खोकं फोडत त्या आत निघूनही गेल्या.

मला राग आला. या बाईने इथल्या कापसाच्या बोळ्यासाठी जन्म घालवला आणि हिचं नाव कुणाला ठाऊक नाही? आता तर पाटी लावल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवून मी बाकाकडे गेलो. त्यावर एक आगरी मावशी बसल्या होत्या, लेकीची वाट बघत. लेक आत होती. मला पाहून त्या सरकल्या आणि मला जागा करून दिली. मी बसलो. पिशवी पायाशी ठेवली, चपला काढल्या. ताई तो प्रश्न इतक्या सहज कसा विचारायची कोण जाणे... शेवटी धीर करून म्हटलं, "मावशी, काय मोडलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सोनं चोरायलाच आलोय. हात पदराखाली घेतला. मग विचारलं, "मोरायचं कशाला?"

"नाही, म्हणजे... दवाखान्यासाठी. लेकीच्या बाळंतपणाला."

"इथं काय लागतंय दादा?" त्या म्हणाल्या. "कायच नाय लागत. नुसतं यायचं." एवढ्यात आतून हाक आली, मुलगी झाली म्हणून. मावशी उठल्या, पदर सारखा केला आणि धावत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "दादा, पिशवीवर नजर ठेवा हां."

पदर सारखा करताना त्यांच्या हातातल्या पाटल्या वाजल्या. मी तो आवाज ऐकला आणि तिथेच, परक्या माणसांत, मला रडू फुटलं. समोरच्या एका पोरीने मला पाणी आणून दिलं, तिला वाटलं माझ्या घरी काहीतरी वाईट झालंय. मी तिला म्हटलं, नाही गं, पास झाली.

पाटी मी काही लावली नाही. तिला इथे कुणी ओळखत नाही, हाच तिचा निकाल होता आणि तो मी पुसायला निघालो होतो. सांगितल्याप्रमाणे मावशींच्या पिशवीवर नजर ठेवून बसून राहिलो, पाय वर घेतले आणि मागे टेकलो. बाक हलला नाही, कुरकुरला नाही, पाठीला नेमका जिथे हवा तिथे लागला. कल्याणवाल्याने काम चांगलं केलंय.